गुरुवारी जन्मलेली रम्या

...आणि आता वर मलाच विचारतात, घड्याळ दुरुस्तीला दिलंतच कशाला! अहो, मी दिलं? तुम्हाला सांगतो, आजोबांच्या वेळेपासून ते भिंतीवर आहे. दर शुक्रवारी किल्ली द्यायची, तंजावूर स्टेशनच्या घड्याळाप्रमाणे काटे लावायचे, की पुढच्या शुक्रवारपर्यंत बघायला नको. टोले जरा घशात अडकल्यासारखे पडायचे, कबूल. पण चालत होतं की हो!

पण आमच्या मुलीचं, रम्याचं, लग्न ठरलं ना! मुलगा हरिप्रसाद, बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये, आपल्याच मराठी घरातला, पत्रिकेत दहापैकी नऊ पोरुत्तम, म्हणजे इकडचे गुण, जुळलेले... आजकाल नऊ जुळतात कुणाचे? आमचे, म्हणजे माझे आणि हिचे, दहाला दहा, पण ती गोष्ट वेगळी. तर आमची विजयलक्ष्मी सुरू झाली, "अहो, निश्चयाला तीस माणसं येणार, नवा कलर टीव्ही घेतलात आणि त्याच्या डोक्यावर हे खोकणारं म्हातारं? दुरुस्त तरी करा, नाहीतर सेलवालं आणा, हल्ली सगळ्यांकडे तेच आहे!" आजोबांच्या घड्याळाच्या जागी सेल? छे! काखोटीला मारलं, रिक्षात बसलो आणि गेलो सुब्रमण्यमकडे.

हा सुब्रमण्यम राजवाड्यामागच्या गल्लीत बसतो, दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं तर ह्याला बाहेर यावं लागतं. डोळ्याला भिंग लावलं, आत डोकावला आणि असा चेहरा केला... डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात ना, तेव्हा करतात तो! "सार, तेलाचा डिंक झालाय. भोकं झिजून लांबट झालीत. आणि स्प्रिंग, अय्यय्यो, मूळचीच!" म्हटलं, बाबा रे, पुसपास कर, चार थेंब तेल घाल आणि दे. चालत होतं की! तर म्हणतो, "इल्ल सार. आधी आठ दिवस चाल बघणार, मग हात लावणार."

आठ दिवसांनी गेलो तर ह्यानं कागदच पुढे केला. "सार, शुक्रवारी किल्ली दिली की बरोबर. रविवारी तीन मिनिटं मागे. बुधवारी अठरा. गुरुवारी अठ्ठावीस. स्प्रिंग दमते, सार. तुम्ही जन्मला नव्हता तेव्हापासून दमतेय. माझ्या वडलांनी तुमच्या आजोबांना सांगितलं होतं, ते म्हणाले, शुक्रवारी लावतोय ना, मग पुरे." मी हसलो! खरंच सांगतो, मूर्खासारखा हसलो, नवी स्प्रिंग घाल म्हटलं, दुकानाची पहिली पायरी उतरलो... आणि दुसऱ्या पायरीवर पाय तसाच राहिला. रम्या जन्मली कुठे? घरीच, पुढच्या खोलीत. वेळ कशात बघितली? ह्याच्यात. आणि वार कुठला? गुरुवार!

घरी येऊन त्या वर्षीचं पंचांग काढलं. पत्रिकेत वेळ सकाळी नऊ चाळीस, नक्षत्र पुष्य, फर्स्टक्लास. त्यात अठ्ठावीस मिनिटं मिळवली... दहा आठ. आणि पुष्य संपतं कधी? नऊ बावन्नला! पुढे काय? आश्लेषा! अहो, आश्लेषाची सून म्हणजे सासूच्या जिवाला घोर, आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशा मुलीसाठी आई नसलेला मुलगा शोधत फिरतात लोक! आणि ह्या हरिप्रसादची आई, कनकलताबाई, चांगली ठणठणीत, मुलगी बघायला आली तेव्हा चार बोंडे खाऊन गेली!

मग काय करायचं? सांगू? लग्न मोडेल. गप्प बसू? उद्या बाईंना साधी शिंक आली तरी मला घाम फुटायचा! आणि रम्या आपली रोज कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर, परत येताना गुणगुणत... पोरीच्या सुखात बापानंच माती कालवायची? तीन दिवस मी त्या भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत बसलो. चालत होतं की हो, सगळंच चालत होतं!

चौथ्या दिवशी गेलो त्यांच्याकडे. खोटं पोटात राहीना. स्प्रिंग, गुरुवार, अठ्ठावीस मिनिटं, आश्लेषा, एका दमात सांगून टाकलं आणि खाली मान घालून बसलो. हरिप्रसादचे वडील अनिरुद्धराव पंख्याकडे बघायला लागले. कनकलताबाई म्हणतात कशा, "व्याही, माझंही आश्लेषाच. आमच्या आप्पांनी पत्रिकेत अर्धा तास सरळ मागे घेतला, घड्याळ बरोबर असताना!" आणि आत बोट दाखवलं. "त्या बघा माझ्या सासूबाई." बघतो तर एक्क्याण्णव वर्षांच्या वेंकूबाई झोपाळ्यावरून ओरडतायत, "कनके, कापीत साखर घालायला हात मोडला का गं?" बाई उठता उठता म्हणाल्या, "कुणाच्या जिवाला घोर आहे ते आश्लेषालाच विचारा. निश्चय ठरल्या दिवशी. आणि हे बाहेर बोलू नका."

बाहेर नाही बोललो हो! आनंदाच्या भरात घरात बोललो. तिथंच चुकलो. घड्याळ नव्या स्प्रिंगवर टकटक करत होतं, सेकंदाचा फरक नाही. हिनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही कुठल्या वारी जन्मला?"

"बुधवारी."

"ह्याच घरात? ह्याच घड्याळावर?"

"...हो."

दुसऱ्या दिवशी ही जोशीबुवांकडे. माझ्या वेळेत अठरा मिनिटं मिळवून आमची पत्रिका पुन्हा जुळवली. दहाचे किती उरले म्हणता? चार! आल्या आल्या पिशवी टेबलावर आपटली, "तरीच! सव्वीस वर्षं विचारतेय स्वतःला, दहाला दहा जुळून हे असं कसं!"

आता ह्यावर नवऱ्यानं काय बोलायचं, सांगा? मी आपला हळूच म्हटलं, "अगं... पण चालत होतं की!"