टाकी फोडली की डाव बाद

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या दूध उत्पादक संस्थेच्या चेअरमन आदरणीय विमलबाई. शीतकरण केंद्रातून एवढ्या उन्हाचे आलेले प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आपले सचिव बद्रीनाथराव. त्यांच्या शेजारी बसायला लाजून खुर्ची हातभर मागं सरकवलेल्या सुंदरबाई वहिनी. पहिल्या रांगेतली खुर्ची नाकारून सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या सारजाबाई मावशी. आणि सकाळच्या धारा उरकून, घरी न जाता थेट मंडपात आलेल्या माझ्या सभासद बंधू-भगिनींनो!

पाहुण्यांनी पेला अर्धाच भरलाय म्हणून राग मानू नये. टँकर काल यायचा होता, तो अजून चकलांब्याच्या अलीकडं-पलीकडं कुठंतरी आहे. विमलबाईंनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ समोर ठेवलंय. पण मी, पंडित आश्रुबा, या बद्रीनाथरावांचा सव्वीस वर्षांपासूनचा गुन्हेगार आहे. ते कबूल केल्याशिवाय मी खाली बसणार नाही, मग घड्याळात काही का वाजेना.

बद्रीनाथराव किती प्रामाणिक, किती शिस्तीचे, हे माझ्या आधीच्या पाच वक्त्यांनी सांगितलं. पण संस्थेच्या कचेरीत दहा-अकरा महिने विमानं उडत होती, हे कुणी सांगितलं का? नाही सांगितलं. आता तरुण मंडळी कान टवकारून बसली बघा!

गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळातली. नारायणगडाच्या जत्रेत एक व्हिडिओ गेमवाला आला होता. कपाटाएवढी लाकडी पेटी, वर काच, खाली दांडी आणि दोन बटणं. त्या साली जत्राच बारीक भरली. परतताना त्याची गाडी आपल्या गावाजवळ बंद पडली. त्यानं पेटी आपल्या कचेरीत उतरवली आणि म्हणाला, "पाऊस पडला की नेतो." माणूस गेला तो गेलाच. पाऊस पुढं पडला, पण गेमवाला काही आला नाही.

बद्रीनाथरावांनी नियम केला. दूध घालणाऱ्याला एक डाव फुकट, बाकीच्यांनी नुसतं बघायचं. सकाळी दुधाची गाडी निघून गेली की नऊ ते दहा. मग काय विचारता! जी माणसं दूध घालायला पोराला पिटाळायची, ती स्वतः कॅन घेऊन यायला लागली. आमचे अर्जुनराव तर पावशेर दूध दोन तांब्यांत आणून दोन डाव मागायचे. ते बघा, मागं बसून हसताहेत.

ज्यांनी तो खेळ बघितला नाही त्यांना सांगतो. काचेवर डोंगर डावीकडं पळतात आणि आपलं विमान उजवीकडं. खालून अग्निबाण सुटतात, ते चुकवायचे नाहीतर उडवायचे. पुढं गुहा लागते. तळाला एक पिवळी पट्टी असते, ती विमानातलं तेल. ती आखडत आखडत संपली की विमान डोंगरावर आपटतं आणि पेटी रडते. आणि जमिनीवर जागोजागी उभ्या असतात टाक्या.

आता मला सांगा, चार दिवसांतून एकदा टँकर येणाऱ्या गावात काचेवर उभी टाकी दिसली, तर माणूस काय समजणार? पहिल्याच दिवशी कुणाचा तरी बाँब चुकून टाकीवर पडला आणि कचेरीत एकच ओरडा झाला, "आरं, टाकी कावून फोडली बे, कशापायी?" मारामारीच व्हायची बाकी राहिली. बद्रीनाथरावांनी तिथल्या तिथं फतवा काढला, टाकी फोडली की डाव बाद. कुणाचा बाँब टाकीवर गेला की हे पटकन पेटीमागचं बटण बंद करायचे. सात महिने आम्ही टाक्या वाचवत उडत राहिलो आणि सगळ्यांची विमानं गुहेच्या तोंडाशी तेल संपून पडत राहिली. आम्हाला वाटायचं, खेळच तेवढा आहे!

त्यातल्या त्यात लांब मी जायचो. वरच्या कोपऱ्यात माझ्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं झळकायची, पी, ए, एन. गाव मला 'पान' म्हणायचं. म्हणू द्या. मला त्याचा लई अभिमान होता.

तिकडं दुधाचे मात्र हाल होते. शीतकरण केंद्राची चिठ्ठी आली की महिन्याच्या आत रोजचं दूध शंभर लिटरवर नेलं नाही, तर गाडी आपल्या गावाला येणार नाही. आपण होतो सत्तरवर. गाडी बंद म्हणजे संस्था बंद, आणि बायकांनी कॅन डोक्यावर घेऊन चकलांबा गाठायचं. जनावरं आटत होती, कारण पोटात काही नव्हतं. आणि आपल्याच कचेरीमागं वैरणीची कोठी गच्च भरलेली होती! चांगल्या साली प्रत्येक सभासदानं जनावरामागं दहा पेंढ्या कडबा घालायचा, अशी आपली पद्धत. किल्ली बद्रीनाथरावांच्या करदोट्याला. आंघोळीलासुद्धा सोडत नसत. होय ना हो वहिनी?

लोक म्हणायचे, "सचिव, कोठी उघडा." हे म्हणायचे, "आन् म्होरं याच्याहून वाईट दिस आले तर?" कमिटीत त्यांच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं बोलायचो तो मी. खोटं कशाला सांगू, बद्रीनाथराव राखून ठेवणारा माणूस. गेममध्येही तसेच. टाकी दिसली की विमान असं अलगद वरून न्यायचे, जणू खाली झोपलेलं लेकरू आहे.

सारजाबाई मावशी तेव्हा मेंढरं आणि दोन गाया घेऊन माळावर राहायच्या. त्यांच्या घरात दूध विकत नसत. दूध विकणं म्हणजे पोर विकणं, असं त्यांच्या सासूचं म्हणणं. रोज दारात उभं राहून खेळ बघायच्या. एकदा म्हणाल्या, "मला बी एक डाव दे की." बद्रीनाथराव म्हणाले, "मावशी, दूध घाला, डाव घ्या." नियम म्हणजे नियम! मावशी चार दिवस सासूशी भांडल्या आणि पाचव्या दिवशी दीड लिटर दूध घेऊन आल्या. सासू काय म्हणाली, ते त्यांनाच विचारा, मला मंचावर सांगता येणार नाही.

मावशींनी दांडी धरली. जन्मभर गोफण फिरवलेला हात तो. अग्निबाण सुटायच्या आत उडवायला लागल्या. आणि समोर टाकी आली, तर दिला बाँब! दुसरी आली, दुसरीवर दिला! कचेरीत ओरडा झाला. बद्रीनाथरावांचा हात बटणाकडं गेला. मावशी मागं न बघता म्हणाल्या,

"थांब रं बाळा. फोडीत न्हाई मी. ढुशी देतीया."

"ढुशी?"

"वासरानं कासंला ढुशी दिल्याबिगर गाय पान्हा सोडती व्हय? ती पिवळी पट्टी बघ की, भरली का न्हाई?"

आणि खरंच, मंडळी, पट्टी भरली होती! सात महिने आम्ही टाकी फुटताक्षणी बटण बंद करत होतो, मग पट्टी भरलेली दिसणार कुणाला? मावशी गुहेत शिरल्या, गुहेतून बाहेर पडल्या. पुढं आम्ही कधी न बघितलेले डोंगर लागले. बायका टाळ्या पिटायला लागल्या. आणि वरच्या कोपऱ्यातली माझी तीन अक्षरं पुसली गेली.

मी अक्षरांकडं बघत होतो. बद्रीनाथराव पट्टीकडं बघत होते. मग त्यांचा हात करदोट्याकडं गेला. कचेरीतून निघाले, मागं कोठीपाशी आले, आणि सगळ्यांच्या देखत कुलूप काढलं. एवढंच बोलले, "ही बी टाकीच हाय. द्या ढुशी."

ठराव नाही, सभा नाही, सह्या नाहीत. दुपारपर्यंत जनावरामागं दहा-दहा पेंढ्या वाटून झाल्या. पुढच्या पंधरवड्यात दूध सत्तरचं नव्वद झालं, महिना संपता संपता एकशे आठ! गाडी आली, आणि रोज येत राहिली. आज इथं बसलेल्या कितीतरी घरांची शिक्षणं त्या गाडीवर झाली, पाहुणे.

आता विमलबाई घड्याळाकडं बघू नका, खरं ते इथून पुढं आहे.

त्याच आठवड्यात तालुक्याच्या कचेरीत एक निनावी अर्ज गेला. 'सचिव यांनी ठरावाशिवाय कोठी उघडली असून ते संस्थेच्या आवारात विमाने उडवितात.' चौकशी लागली. ती होईपर्यंत सचिवांनी कामावर यायचं नाही, असा हुकूम आला. तीन महिने! ती चौकशी करायला शेवटी जे साहेब आले, त्यांनी कोठी बघितली, दुधाचे आकडे बघितले आणि मग 'विमानं' दाखवा म्हणाले. मावशींनी त्यांना ढुशी शिकवली. साहेब त्या दिवशी मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी सचिवांना पुन्हा कामावर रुजू करून गेले. हसण्यासारखंच आहे, हसा.

पण त्या तीन महिन्यांत हा माणूस रोज सकाळी दुधाच्या वेळेला कुंपणाबाहेर लिंबाखाली येऊन उभा राहायचा. आत पाऊल टाकायचा नाही, हुकूम होता ना! नुसता कॅनचा आवाज ऐकायचा आणि गाडी हलली की घरी जायचा. मी रोज त्याच्या समोरून आत जायचो, दूध घालायचो आणि समोरूनच बाहेर यायचो.

तो अर्ज मी लिहिला होता.

कोठीच्या कळवळ्यानं नव्हे. तीन अक्षरं पुसली म्हणून! माझ्या दोन गायांसाठी पहिल्याच दिवशी वीस पेंढ्या उचलून नेल्या, आणि त्यांना वैरण टाकून, हात झटकून, अर्ज लिहायला बसलो. एवढी माझी लायकी.

पुढं ती पेटी उंदरानं तारा खाऊन बंद पाडली. मग बीडहून टीव्हीला जोडायचा गेम आला, पिवळ्या कॅसेटचा. मावशी म्हणाल्या, "ह्यातली टाकी जोंधळ्याएवढी, ढुशी द्यावी कुठं?" मग कॉम्प्युटरवर आला, आता नातवाच्या मोबाइलवर आहे. पुण्यात नोकरी करणारी आपली पोरं अजून एकमेकांना 'ढुशी दे बे' म्हणतात आणि तिथल्या लोकांना कळत नाही. यंदाच्या दुष्काळात आपण कोठी जानेवारीतच उघडली, तेव्हाही ठरावात सूचक म्हणून उभं राहून मी हाच शब्द बोललो. इतिवृत्तात तो तसाच लिहिलाय. आणि आज सभासदांनी शाल-श्रीफळाबरोबर बद्रीनाथरावांना टीव्हीला लावायची जी छोटी डबी दिली, तिच्यात तोच जुना खेळ आहे, तेच डोंगर, त्याच टाक्या. प्रत्येक वेळी तो खेळ समोर आला की मला लिंबाखालचा माणूस दिसला, आणि प्रत्येक वेळी मी गप्प बसलो. बद्रीनाथराव, आज सगळ्यांच्या देखत…

काय? काय म्हणता? जरा माइक द्या हो त्यांच्याकडं. नको? बरं, मीच सांगतो. मंडळी, मागं ऐकू गेलं नसेल. सत्कारमूर्ती म्हणताहेत, "बस खाली पंडित, मला साहेबानं तवाच अर्ज दावलाता. तुझं अक्षर मी वळखत न्हाई व्हय?"

म्हणजे सव्वीस वर्षं? सव्वीस वर्षं रोज माझं दूध मापून घेतलंत, पोरीच्या लग्नात माझ्या मांडवात पंगती वाढल्यात, आणि एक शब्द नाही? कावून बोलला नाहीत हो?

थांबा, थांबा, हसू नका, ऐकू द्या. हे म्हणतात… हे म्हणतात, "तुझ्या दोन गायांचं बारा लिटर व्हतं. आपण व्हतो एकशे आठवर. तू रुसला असतास तर गाडी बंद पडली असती ना बे."

वाजवा, टाळ्या वाजवा. मावशी, तुम्हीसुद्धा वाजवा!

अध्यक्षांनी वेळ दिला, त्यांचे आभार. पाहुण्यांचे, सुंदरबाई वहिनींचे आणि सगळ्या सभासदांचे आभार. भाषणाच्या शेवटी 'चुकलं-माकलं पोटात घ्या' असं म्हणायची आपली रीत आहे. मी ते आजवर शंभर सभांत म्हटलं आणि पाणी पिऊन खाली बसलो. बद्रीनाथराव, आज ते मी तुम्हाला म्हणतोय. चुकलं माझं. पोटात घ्या. आधीच घेतलंय, तरी पुन्हा एकदा घ्या.