बिनपगारी पंचेचाळीस दिवस

मंडळाचे अध्यक्ष आदरणीय बाळकृष्णराव, व्यासपीठावर बसलेल्या मुख्याध्यापिका हरिप्रियाबाई, जिच्यासाठी आपण जमलो ती आपल्या बालवाडीची शिक्षिका सौभाग्यवती कनकलता, पुढच्या ओळीतले वडीलधारे, मागे उभे असलेले पालक, आणि खुर्च्यांमधून धावणारी आमची चिल्लीपिल्ली, या सर्वांना मंडळाची खजिनदार राजलक्ष्मी हिचा नमस्कार. त्याही आधी आमच्या देवघरातल्या वेंकटेशाला नमस्कार. त्याला विचारल्याशिवाय मी वहीसुद्धा उघडत नाही, मग माइक तर दूरच.

मी एसएसएलसीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत शिकलेली घरची बाई. बावीस वर्षं मंडळाचा जमाखर्च लिहिते. हिशेब तमिळमध्ये लिहिते आणि भांडते मराठीत, असं आमच्या घरी म्हणतात. मला पाच मिनिटं दिली आहेत. पाचाची दहा झाली तर बाळकृष्णराव, तुम्ही घंटी वाजवा. मी थांबेनच असं नाही.

कनकलता इथे आठ वर्षं शिकवते. ती येण्याआधी, तमिळ मुलखात वाढणाऱ्या आमच्या मुलांना मराठी समजायची, पण ती बोलायची नाहीत. ‘इकडे ये’ म्हटलं की यायची, पण तोंडातून शब्द निघायचा तो तमिळ. पहिल्याच आठवड्यात तिने एका मुलाला विचारलं, ‘तू कोण?’ तो छाती काढून म्हणाला, ‘नान मराठी!’ मी मराठी आहे, हे त्याने तमिळमध्ये ठणकावून सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. रोज दारात उभी राहून ती त्याला तेच विचारायची. पोंगलच्या सुटीनंतर तो म्हणाला, ‘मी मराठी, आता आत जाऊ?’ तो मुलगा आज सातवीत आहे, मागे उभा आहे. लाजू नको रे, तुझं नाव घेणार नाही.

इथवर सगळं निरोपाच्या भाषणासारखं झालं. पण खरं सांगायचं तर ही सभा होऊ नये अशी माझी इच्छा होती. कनकलता माझी सून. उद्या दुपारच्या गाडीने ती माझा मुलगा श्रीकर आणि नातू प्रणवेश यांना घेऊन कोइम्बतूरला जाते. काल संध्याकाळपर्यंत मी तिला ‘थांब’ म्हणत होते. आपल्यात बोललं जातं की मुलाची बदली झाली म्हणून सून चालली. तसं नाही. आधी तिला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली, मग श्रीकरने बदली मागून घेतली. ती का जाते हे तिने कुणाला सांगितलेलं नाही, आणि ती सांगणारही नाही. ते मला माहीत आहे. म्हणून आज मीच सांगते.

चार वर्षांमागे आमच्या घरात दोघींना एकदम दिवस गेले. एक माझी मुलगी सुप्रभा, ओरत्तनाडूला सरकारी शाळेत शिक्षिका. दुसरी कनकलता. दोघींच्या तारखांत तीन आठवड्यांचं अंतर. सुप्रभाला सरकारने रजा दिली बारा महिने, भरपगारी. ही बातमी मी गल्लीत प्रत्येक उंबऱ्यावर सांगितली. देवाला साखरभात केला. माझी मुलगी वर्षभर बाळाजवळ राहणार आणि पगार बँकेत पडत राहणार, याहून आईला काय हवं?

मग सुनेला किती? हे मला कुणी विचारलं नाही. तिनेच विचारलं. आणि कसं विचारलं? एकाच घरात राहून, एकाच चुलीवरचं जेवून, तिने मला अर्ज लिहिला. ‘मा. खजिनदार यांस’ असा. सकाळी कॉफीबरोबर तो माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, ‘हे काय गं?’ ती म्हणाली, ‘आत्याबाई, घरात मागितलं तर तुम्हाला अवघड होईल. शाळेत मागते.’ मला तिचं कौतुक वाटलं. नियमाने वागणारी मुलगी, असं वाटलं.

त्या महिन्याची सभा याच खोलीत झाली. बाळकृष्णरावांना आठवत असेल. ते म्हणाले, ‘राजलक्ष्मीअम्मा, तीन महिने देऊ या, निम्म्या पगारावर तरी. मंडळ काही बुडत नाही.’ सगळे माना डोलावत होते. मी उठले. म्हटलं, ‘माझी सून आहे म्हणून सवलत नको. उद्या लोक म्हणतील, खजिनदारबाईंनी मंडळाचा पैसा घरात ओतला. आपल्या नियमाप्रमाणे पंचेचाळीस दिवस, बिनपगारी.’ टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, त्या मला गोड लागल्या. कनकलता दारापाशी पोट सावरत उभी होती. तिनेही वाजवल्या.

आता तो नियम कुणाचा? माझाच. आमच्या हजेरीपटावर नऊ नावं होती. दहावं माणूस राजम. रोज दोन तास येऊन मुलांची शी-शू काढायची, फरशी पुसायची. तिला मी किरकोळ खर्चातून पैसे द्यायची, खडू आणि फिनेलच्या खाली. पापनाशमहून येणारे आमचे ऑडिटर मला दरवर्षी सांगायचे, ‘अम्मा, हिचं नाव पटावर घ्या. पण दहा झाले की कायदा लागतो हं, बाळंतपणाला सहा महिने भरपगारी द्यावे लागतील.’ मी म्हणायची, ‘मग नऊच बरे.’ मुलांची फी वाढू नये म्हणून मी ते करते, असं स्वतःला सांगायची. राजमचं नाव मी मंडळासाठी टाळलं, आणि ते जाऊन पडलं माझ्याच सुनेच्या अंगावर.

मग घरी परवडत नव्हतं का? हे विचारायला हवं, आणि उत्तरही मीच द्यायला हवं. परवडत होतं. देवघराच्या फळीवर पिवळ्या फडक्यात बेचाळीस हजार बांधलेले होते. नातवाचं जावळ तिरुपतीला काढायचं, असा माझा नवस. श्रीकर एकदा म्हणाला, ‘आई, यातले घेऊ या, ती तीन-चार महिने घरी राहील. नंतर भरून ठेवू.’ मी म्हटलं, ‘देवाच्या पैशाला हात लावलास तर मी जेवणार नाही.’ देवाचं नाव काढलं की आमच्या घरात वाद संपतो. कनकलतेची आई ती लहान असतानाच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिला माहेरच नव्हतं. तिच्या बाजूने बोलणारं घरात कुणी नव्हतं.

सेहेचाळिसाव्या दिवशी ती शाळेत हजर झाली. साडेनऊला. पदराखाली कापडाची घडी ठेवून. घर दहा मिनिटांवर. तिने विचारलं, ‘मधल्या सुटीत पाजून येऊ का?’ मी म्हटलं, ‘सुटी पंधरा मिनिटांची. जाऊन येऊन वीस होतात, वर पाजायचं केव्हा?’ बघा, हिशेब बरोबर होता. तरी ती दोन आठवडे पळत आली आणि पळत गेली. तिसऱ्या आठवड्यात एकदा वर्ग सात मिनिटं रिकामा राहिला, एक मूल पडलं, कोपर खरचटलं. त्यानंतर ती मधल्या सुटीत घरी आली नाही. तिसऱ्या महिन्यात दूध आटलं.

प्रणवेश पहिल्यांदा पालथा पडला तो मंगळवारी, साडेदहाला. मी पाहिलं. एकटीने पाहिलं. फोन करावा असं वाटलं, पण वर्गात फोन न्यायचा नाही, हाही नियम माझाच होता. संध्याकाळी ती आली तेव्हा तो पुन्हा पडेना. ती चटईवर त्याच्याशेजारी आडवी झाली आणि म्हणाली, ‘आत्याबाई, कसा पडला ते तुम्ही करून दाखवा ना.’ माझे गुडघे दुखत होते. मी हातानेच दाखवलं.

त्याच सुमाराला सुप्रभा बाळ घेऊन आठ दिवस राहायला आली. झोपाळ्यावर बसून बाळाला पाजत होती. मी तिच्या रजेचं गुणगान चालवलं होतं. ती एकदम म्हणाली, ‘पोदुम, आई! बस झालं. माझ्या रजेचे गोडवे गातेस आणि वहिनीला दीड महिन्यात शाळेत पिटाळतेस? तुझ्यापेक्षा सरकार मायाळू म्हणायचं.’

मी म्हटलं, ‘तुझा पगार सरकार देतं. तिचा मंडळ देतं.’

‘आणि मंडळ म्हणजे कोण गं?’

मी स्वयंपाकघरात गेले. रसम उतू जात नव्हतं, तरी ‘रसम उतू जातंय’ म्हणाले.

अकरावा महिना लागताच आम्ही तिरुपतीला गेलो. नवस फेडला, जावळ निघालं. फोटोत प्रणवेश आहे, श्रीकर आहे, सुप्रभा आहे, मी आहे. कनकलता नाही. तिची एकही रजा शिल्लक नव्हती. ती इथे वर्ग घेत होती. परत आलो तेव्हा दार तिनेच उघडलं. मुंडण केलेल्या पोराकडे बघून क्षणभर तिला ओळख पटली नाही. मग हसली. मी तिच्या हातावर प्रसादाचा लाडू ठेवला आणि मला वाटलं, झालं, सगळं यथासांग झालं.

गेल्या महिन्यात तिने राजीनामा दिला, तोही ‘मा. खजिनदार यांस’. मी रागावले. म्हटलं, ‘आपल्या शाळेत काय कमी पडलं?’

ती म्हणाली, ‘आत्याबाई, प्रणवेशला भावंड हवं असं वाटतं मला.’

‘मग होऊ दे की! मी आहे ना.’

‘हो. पण इथे नको. तिथे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलंय, सहा महिने भरपगारी. मला कुणाला विचारावं लागणार नाही.’

आवाज चढवला नाही. भाताचं पातेलं उतरवलं आणि मला वाढलं.

त्या दिवशी मी चार वर्षांपूर्वीची घरखर्चाची वही काढली. महिन्याला तिचा पगार साडेआठ हजार. त्यातून दुधाच्या डब्यांचे दोन हजार, डॉक्टर आणि औषधं सहाशे, बाळाला न्हाऊ घालून दुपारी सांभाळणाऱ्या बाईचे दीड हजार. उरले चार हजार चारशे. सगळे आकडे माझ्याच अक्षरात होते, वेगवेगळ्या पानांवर. मी ते कधी एकाखाली एक मांडलेच नव्हते. पै-पैचा हिशेब ठेवणारी म्हणून तुम्ही मला नावाजता. महिना चार हजार चारशेसाठी मी एका आईला तिच्या बाळापासून उठवलं, आणि त्याला प्रामाणिकपणा म्हटलं.

परवा कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी ठेवल्या. राजमचं नाव पटावर घ्यायचं, आणि बाळंतपणाची रजा सहा महिने, भरपगारी. दोन्ही एकमताने मंजूर झाल्या. पाच मिनिटांत. मी राजमला सांगितलं तर ती म्हणते, ‘अय्यो अम्मा, मी टीचर लोकांच्या यादीत? मग फरशी कोण पुसणार, तुम्ही?’ आज सकाळी पुसली मी थोडी. तिने पुन्हा पुसली, ते सोडा.

तो ठराव घेऊन मी काल कनकलतेकडे गेले. ती सामान भरत होती. तिने तो नीट वाचला, दोनदा वाचला. म्हणाली, ‘छान झालं, आत्याबाई. वासुकीला उपयोग होईल.’ तिच्या जागी येणारी वासुकी, ती बघा, खांबाजवळ उभी आहे, सहा महिन्यांपूर्वीच लग्न झालंय. मी म्हटलं, ‘मग तू थांब ना.’ ती म्हणाली, ‘मी तिकडे शब्द दिलाय.’ आणि प्रणवेशचे स्वेटर घडी करत राहिली.

बरोबर आहे तिचं. मंडळींनो, नियम पाच मिनिटांत बदलता येत होता. मी चार वर्षं उशीर केला, आणि ज्या मुलाचे ते महिने होते तो आता माझ्या उंचीच्या कपाटावर चढतो.

बाळकृष्णरावांनी घंटी वाजवली नाही, त्याबद्दल त्यांचे आभार. हरिप्रियाबाईंनी वर्ग सांभाळून ही सभा जुळवून आणली, राजमने कॉफीची तयारी केली, पालकांनी इतका वेळ मुलांना आवरलं, सर्वांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, घरचं चव्हाट्यावर आलं असेल, तर सभेने ते मोठ्या मनाने पोटात घालावं.

कनकलता, पोटात घालायचं हे सभेला म्हटलं. तू मला माफ करायची घाई करू नकोस. नाही जमलं, तरी चालेल. नव्या शाळेत त्यांनी रजा दिली की सगळी घे, एक दिवसही मागे ठेवू नकोस. मला बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस, तरी पुढचं बाळ पालथं पडेल तेव्हा तू तिथे असशील, एवढं मला इथे बसून पुरेल.

नमस्कार.