दाराजवळची खाट

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय लिंबाजीराव, व्यासपीठावरील संचालक व प्राध्यापक मंडळी, उद्यापासून या वसतिगृहाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे जातील त्या रजिया मॅडम, परगावाहून आलेले पालक आणि माझ्या मुलींनो. मागच्या दोन रांगांनाही नमस्कार. तुमची कुजबुज इथपर्यंत ऐकू येते.

निवृत्तीचा सत्कार नको असं मी लेखी कळवलं होतं. तरी शाल आली, श्रीफळ आलं, हार तर दोन आले. संस्थेने माझं कधीच ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. एकोणतीस वर्षांत एकदा ऐकलं होतं, पाण्याच्या टाकीबद्दल. असो. मनापासून आभार.

मघाशी स्वागतगीतात अलीझाचा आवाज नव्हता. तिची तब्येत बरी नाही, असं निवेदिकेने सांगितलं. तिची तब्येत ठणठणीत आहे. त्यावर शेवटी बोलते.

अध्यक्ष महाराज, आपण शिवकन्येची गोष्ट सांगितलीत. लातुरात नव्या क्लासची पाटी लागली नाही असा एक महिना जात नाही, आणि आपली एकही पालकसभा या गोष्टीशिवाय होत नाही. भूकंपात आई आणि भाऊ गमावलेली मुलगी, ऐन बारावीच्या पेपरांत वडील वारले, घरच्यांच्या विनंतीवरून रेक्टर मॅडमनी शेवटच्या पेपरापर्यंत तिला काही कळू दिलं नाही, आणि मुलगी डॉक्टर झाली. आत्ताही टाळ्या पडल्या. सतरा वर्षं मी त्या टाळ्या घेत आले. त्यांवर माझा हक्क नाही, हे आज सांगायचं आहे.

शिवकन्येला प्रवेशासाठी तिचे वडील घेऊन आले, बसवंतराव. मूळ गाव औसा तालुक्यातलं. भूकंपानंतर तिथे पाय ठरेना, म्हणून बहिणीच्या गावी मुदखेडला राहिले, फुलांच्या मळ्यात काम करू लागले. फॉर्म भरून झाला तरी ते उठेनात.

मी म्हटलं, "आणखी काय?"

"एक इनंती हाय मॅडम. हिला दाराजवळची खाट द्या."

"इथे खाटा नंबराप्रमाणे मिळतात."

"हाव, ते बरोबर हाय. पर चार वर्षांची होती तवा. दगडाखालून काढली मी हिला, ह्या हातानं. दार लांब असलं की झोपत न्हाई. दुसरं काई मागत न्हाई, मॅडम. नुसती खाट."

नऊ नंबरच्या खोलीतली दाराजवळची खाट मी तिला दिली. नियम मोडण्याची माझी ती पहिली वेळ. दारावर तिचा विश्वास होता आणि माझा नियमावर, एवढाच काय तो आमच्यातला फरक.

रोज संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात बसवंतरावांचा फोन यायचा. तीन मिनिटांवर मी बोलू देत नसे. परीक्षा सुरू झाली की तेही बंद. मुलींना फोनवर बोलवायचं नाही, निरोप मी घ्यायचा आणि मी सांगायचा. हा नियम माझाच. पालकांना फार आवडायचा.

तीन पेपर उरले होते. बुधवारी बसवंतरावांचे भाऊ शेषेराव यांचा नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला.

"मॅडम, बसवंतला बरं न्हाई. डॉक्टर काई धड सांगून न्हाई राहिले. सारखं पोरीचं नाव घेऊन राहिलाय. जीप घेऊन येऊ का? परवाच्या पेपराच्या आत आणून सोडतो, शब्द देतो."

"शुद्धीवर आहेत ना?"

"हाव, बोलतोय की."

"मग पेपर होऊ द्या. सहा दिवसांचा प्रश्न आहे. आत्ता तिला हलवलीत तर वर्ष वाया जाईल, आणि ते तुम्हाला भरून देता येणार नाही."

मग ते म्हणाले, "तुमी म्हनाल तसं."

ऐकलंत ना? घरच्यांनी मला काही लपवायला सांगितलं नव्हतं. ते तिला न्यायला निघाले होते. नको म्हणाले ती मी. पुढे कुणीतरी "घरच्यांच्या विनंतीवरून" असं जोडलं आणि मी ते खोडलं नाही. शेषेराव साधा माणूस, त्यांनीही कधी तक्रार केली नाही.

शनिवारी बसवंतराव गेले. शेषेरावांनी फोनवर एकच शब्द विचारला, "आता?" मी म्हटलं, "आता तर मुळीच नको." रविवारी सकाळी त्यांना माती दिली, आणि लेक इथे वरच्या मजल्यावर सराव परीक्षेचा पेपर सोडवत होती.

रोज पाचला ती ऑफिसच्या दारात यायची. "मॅडम, बाबांचा फोन?"

"आला होता. अभ्यास कर म्हणाले."

"खोकला हाय का अजून?"

"कमी आहे म्हणाले."

सोमवारी, जीवशास्त्राच्या पेपराच्या आदल्या दिवशी, मी तिला म्हटलं, "आकृत्या घाईने काढू नकोस, असं म्हणालेत." आदल्या दिवशी मातीआड झालेल्या माणसाच्या तोंडी मी आकृत्या घातल्या. ती हसली. "बाबांना काय कळतंय आकृत्यातलं," म्हणाली आणि खुशीत वर गेली. ते हसू मला अजून दिसतं.

मंगळवारी ती पेपर देऊन आली. पॅड हातातच होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही. बोटांवर दिवस मोजले तिने. मग म्हणाली, "मग काल आकृत्यांचं कोण म्हणालं, मॅडम?"

मुलींनो, एकोणतीस वर्षं मी तुम्हाला प्रश्न विचारले. हा एक मला विचारला गेला. पाच वाजले की तो प्रश्न ऑफिसच्या दारात येऊन उभा राहतो. सुटीत वसतिगृह रिकामं असतं, तेव्हासुद्धा.

कुणी म्हणेल, पण ती डॉक्टर झाली ना? झाली. बापाला भेटून आली असती तर झाली नसती, हे कुणी तपासलं? मीही नाही. पेपर दुसऱ्यांदा देता येतो, हे शिकवणाऱ्या बाईला वेगळं सांगावं लागतं का? मला सांगावं लागलं, आणि ते उशिरा.

चार वर्षांपूर्वी मी देवणीला गेले. तिथे तिचा दवाखाना आहे. क्षमा मागायचं मनात होतं. नंबर लावून बाकावर बसले. बाहेर कुत्री, रिक्षा, लग्नाचा बँड, नुसता गोंगाट. तरी डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं आणि त्याला वीट लावलेली. मी कंपाउंडरला म्हटलं, "दार लावून घ्या की." तो म्हणाला, "मॅडम लावू देत न्हाईत."

तिने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने ते लिहून घेतलं, रक्तदाब मोजला, "मीठ कमी करा, बाई" म्हणाली. आवाजात राग नव्हता. ओळखसुद्धा नव्हती. मी गोळ्या घेऊन परत आले. क्षमा मागायला गेलेली बाई रक्तदाब मोजून आली.

आता अलीझा. आज सकाळी तिचे मामू नासिरभाई यांचा नांदेडहून फोन आला. अलीझाच्या अम्मीला दवाखान्यात ठेवलंय. "मॅडम, इतवार को पेपर है. तब तक उसकू कुछ नक्को बोलो. लातूरवाल्यांना हे जमतं, म्हणून तर तुमच्याकडे ठेवली."

लातूरवाल्यांना हे जमतं. ही ख्याती मी मिळवून दिलेली आहे.

मी अलीझाला खाली बोलावलं आणि म्हटलं, "अम्मी दवाखान्यात आहे. मामू सांगू नका म्हणतात, मी सांगते आहे. पेपर तुझा, अम्मीही तुझी."

ती म्हणाली, "मॅडम, मी जाऊ?"

"मला विचारू नकोस."

"जाते मग."

मेसच्या पंचफुलाबाईंना सोबत देऊन तिला बसमध्ये बसवून दिलं. नासिरभाईंना कळवलं तर म्हणाले, "ये क्या किया मॅडम आपने!" आणि फोन ठेवला. दोन मिनिटांनी त्यांचाच पुन्हा फोन, "बस कितने बजे पोचती?"

अध्यक्ष महाराज, हे मी आपल्या परवानगीशिवाय केलं. रविवारी ती पेपराला परत येईल का, मला माहीत नाही. कदाचित ही माझी दुसरी मोठी चूक ठरेल. तसं झालं तर पालकसभेत तीही माझ्या नावाने सांगा, घरच्यांच्या नावाने नको.

रजिया मॅडम, नऊ नंबरमधली दाराजवळची खाट जी मागेल तिला द्या. कारण विचारू नका.

आपण सर्वांनी वेळ दिलात, स्वयंपाकघरातल्या बायांनी सकाळपासून राबून जेवण केलं, त्यांचे आणि आपले आभार. बोलण्यात कुणाला टोचलं असेल तर सभेने पोटात घालावं. शिवकन्येचं मात्र सभेने माफ करण्यासारखं नाही. त्यासाठी उद्या सकाळच्या बसने मी देवणीला जाते आहे. या वेळी रक्तदाब मोजून घेणार नाही.

आता मला खाली बसू द्या. अलीझाला मी पाचला फोन करायला सांगितलंय, आणि पाचला दोन मिनिटं कमी आहेत. नमस्कार.