शोधताना लिहिलेला शब्द

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं ठमे, तू होय. मला वाटलं गिऱ्हाईक. चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे, नंबर दिसलाच नाही... हो, हो, दुकानातच. तुझे मामा आत मशीनवर आहेत. ऐकू येतेय ना खडखड?... थांब, दार लोटते.

हं. नाही, तू नको बोलूस, आधी मी बोलते. सकाळपासून तुलाच फोन करायचं मनात होतं. तुझ्या त्या शब्दांनी काम केलं गं.

कुठले म्हणजे? इंटरनेटवरच्या जाहिरातीचे... हो, कीवर्ड, लोक शोधताना टाइप करतात तेच... आकडे मला नको विचारूस, ते तू बघ तुझ्या ऑफिसात बसून. मी माणसांचं सांगते.

आधी काय चालायचं, आठवतंय ना? आम्ही नुसतं 'बूट' लिहिलेलं. मग फुटबॉलचे आहेत का, गमबूट आहेत का... आणि 'टाच' टाकल्यावर तर विचारूच नकोस. उंच टाचांचे सँडल शोधणाऱ्या सगळ्या पोरी आमच्या दारात. क्लिक त्यांचा, पैसे आमचे... हसतेस काय? एका नवरीला तुझे मामा कितीतरी वेळ समजावत होते, बाई, आम्ही एकाच पायाची टाच उंच करतो, दोन्ही नाही.

हो ना... आणि त्यांनी स्वतः काय लिहिलेलं? 'असमान पादलांबीसाठी विशेष पादत्राणे.' आता असं कोण टाइप करतं? मलाच वाचताना मध्ये दम घ्यावा लागतो.

मग तू विचारलंस, मामी, लोक दुकानात आल्यावर तोंडाने काय म्हणतात? तेवढ्या एका प्रश्नासाठी तुझे किती उपकार... बरं, बरं, नाही मानत. ऐक तर. काउंटरला मी बसते, मला सगळं पाठ. एक पाय आखूड. एक पाऊल मोठं, एक लहान. चाललं की कंबर धरते. आणि... हो, तोच. लंगडणं.

त्या शब्दावरून केवढा तमाशा झाला तुला कुठे माहीत आहे? घरात अबोला. दुकान बंद करीन म्हणाले, पण तो शब्द माझ्या दुकानाला लावणार नाही... अगं, नुसतं बोलणं नव्हतं ते. तुला सांगितलं नव्हतं मी. तुझे मामा तयार बुटांच्या एका शोरूममध्ये स्वतःसाठी नोकरीचं विचारून आले होते. एवढी वर्षं हाताने बूट शिवले आणि या वयात खोके उघडून दाखवायचे... हो. रडले मी त्या दिवशी.

मग तुझा फोन आला. तू म्हणालीस, मामा, तो शब्द लोकांना दिसतच नाही. शोधणारा स्वतःच्या मनातलं लिहितो, आपण ते नुसतं ऐकायचं. उत्तर आपल्या शब्दांत द्यायचं... हो, तेव्हा कुठे पटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी जाहिरातीचं वाक्य त्यांनीच सांगितलं. 'दोन पावलांना दोन वेगवेगळे बूट. निवांत बसा, माप आम्ही घेतो.' आणि फोटोही बदलला, एका बुटाचा तळ जाड असलेला जोड ठेवला समोर. बरोबर?

तर मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आले, बरोबर त्यांची मुलगी. दातांच्या दवाखान्यात काम करते, दिवसभर उभं राहायचं. एक पाय आखूड, लहानपणापासून. पोरगी सगळ्यांआधी खुर्ची शोधून बसली, पाय खुर्चीखाली घेतलेले. तुझ्या मामांनी तिला उभं केलं आणि आखूड पायाखाली पातळ पातळ फळ्या सरकवत गेले, कंबर सरळ होईपर्यंत. माप झालं, म्हणाले, बसा आता. तर ती म्हणते, अजून थोडा वेळ उभी राहू का अशीच?

...हो ना. मला तर पाणी आणायच्या निमित्ताने आत जावं लागलं.

तेवढ्यात वडील तुझ्या मामांना घेऊन आत आले आणि त्यांच्या कानाशी लागले. म्हणत होते, तिला सांगू नका, पण तुम्हाला शोधताना मी एक वाईट शब्द लिहिला. घरात आम्ही तो कधी उच्चारत नाही... काय? 'मुलगी लंगडते बूट'? तू पाहिलास? तुझ्या स्क्रीनवर, लोकांनी शोधलेल्या शब्दांच्या यादीत? अगं बाई... हो, तो त्यांचाच असणार.

मामा ना? मामा म्हणाले, साहेब, तुम्ही लिहिलात म्हणून तर सापडलो. इथे तो कुणी वाचलेला नाही.

...ठमे? रडतेस होय? नाक पूस आधी.

काल बूट न्यायला आले. तिने घातले, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, रस्त्यावर उतरली आणि निघालीच. वडील बिचारे जुने बूट पिशवीत भरत होते. वर बघतात तर पोरगी पार कोपऱ्यापाशी. पळायला लागलं गं त्यांना तिला गाठायला.

आता तू सांग, त्या शोरूमची नोकरी कसली आणि... अगं, हे काय, आले बाहेर. काय हो?... तुझ्याशी बोलायचंय म्हणतात. खरंच सांगते. कधी फोन मागत नाहीत. हात पुसा आधी, डिंक लागलाय... हा घ्या.

हॅलो?... हो, मीच, मामा. बरी आहेस ना?... हं... हं... मामीने सांगितलं ना सगळं... हो... बरं, एक काम कर. कागदावर उभी राहा, दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरव आणि पाठवून दे... का म्हणजे? बूट करतो तुला... नसू दे तुझं दुखत काही. सारखी पावलं कुणाचीच नसतात, पोरी... हं... पेन्सिल सरळ धर. ठेवतो.