चुन्याच्या रेघेवरचा उजेड

“पांढऱ्या पायाची निघाली. आजच्या खेपेला तिलाबी गाडीत बसव आन् तिच्या बापाच्या दारात सोड. परत आणायची का, ते मग बघू.”

ऐका. हे बोलली चांगुणाबाई, न्हाणीच्या आडोशाला, आपल्या थोरल्या लेकाला, नवनाथला. आणि ऐकलं कुणी, तर जिच्याबद्दल बोलली तिनेच. कांचनने. नवनाथची बायको, लग्नाला दोन महिने झालेली सून. चुलीपुढे भाकरी थापत होती. हात थांबला नाही तिचा. भाकरी मात्र एका बाजूला जाड झाली, ती तिने स्वतःच्या ताटात वाढून घेतली. अशी होती ती. बोलायची कमी, बघायची फार.

आता सासू असं का बोलली? महिन्यापूर्वी तिचा धाकटा लेक, गोरख, खिंडीत गेला. तो मोटारसायकलवर वर येत होता, समोरून नवनाथ पिकअप घेऊन उतरत होता. रस्ता गोरखच्या पायाखालचा. डोळे मिटून आला असता. तरी वळणावर तो वळलाच नाही. सरळ दरीत. नवी सून आली आणि महिन्यात घरचा पोरगा गेला. मग लोक कुठे बघणार? सुनेच्या पायांकडे.

खिंडीचं ठाऊक आहे ना तुम्हाला? नसेल तर जवळ सरका. फार वर्षांपूर्वी एक गवळी सायकलीला दोन्हीकडे दुधाच्या किटल्या लावून तिथून जायचा. एका रात्री ट्रकचा उजेड त्याच्या डोळ्यांत गेला. त्याने डोळ्यांवर हात धरला, सायकलीवरचा हात सुटला, आणि गेला. तेव्हापासून तो त्या वळणावर उभा असतो. डोळ्यांवर तळवा धरून. कुणाला काही करत नाही. फक्त डोळ्यांत उजेड नको. म्हणून जुन्या ड्रायव्हरांनी तिथल्या कातळावर कमरेएवढ्या उंचीवर चुन्याची रेघ ओढली. तिथं आलं की दिवा खाली करायचा. उजेड रेघेच्या खाली उतरला की निघून जायचं, मागे बघायचं नाही. दर दिवाळीला रेघ नव्याने ओढतात. अजून.

नवनाथची पिकअप जुनी. दिवे पिवळे, थकलेले. वरातीसाठी म्हणून त्याने एलईडी बसवून घेतले. बाहेरची काच जुनीच, मागची उजेड फेकणारी वाटी जुनीच, बल्ब तेवढे नवे. असा पांढराधोप उजेड पडला की वरातीतली पोरं त्यात नाचली.

तर रात्री दहाला गाडी निघाली. गोरख गेल्यानंतरची रात्रीची पहिलीच खेप. मागे टोमॅटोचे क्रेट. पुढे नवनाथ, कांचन आणि तिचं गाठोडं.

“आईचं मनावर घेऊ नको,” नवनाथ म्हणाला. “चार दिवस राहा.”

कांचनने गाठोड्यावर हात ठेवला. “आत्यांनी माझी रजईसुद्धा बांधलीय. चार दिवसांची थंडी बरीच दिसतेय.”

नवनाथने गिअर बदलला.

खिंड लागली तसा मागे आवाज सुरू झाला. खण्. खण्. पत्र्यावर पत्रा.

“क्रेट हलत्यात,” नवनाथ म्हणाला.

क्रेट प्लास्टिकचे होते.

वळण आलं. कातळ आला. आणि कडेला माणूस उभा. धोतर, डोळ्यांवर तळवा. नवनाथने खट्कन दिवा खाली केला, ओठांत काही पुटपुटला, गाडी पुढे काढली. सुटलो, असं वाटलं त्याला.

ऐका हं. पुढचं वळण आलं. तर तेच वळण. तोच कातळ, तीच रेघ. माणूस मात्र आता कडेला नाही, डांबरावर. नवनाथने बगल देऊन गाडी काढली. पाठीमागे किटल्या जोरात वाजायला लागल्या, दूध नासल्याचा वास गाडीभर झाला.

तिसऱ्यांदा तेच वळण. आता दोघे उभे.

दुसऱ्याच्या अंगात आकाशी शर्ट. भावाच्या लग्नासाठी शिवलेला. त्यानेही तळवा डोळ्यांवर धरलेला.

“गोऱ्या,” नवनाथचा आवाज फुटला. “दिवा खाली केलाय रे. त्या रातीलाबी केला हुता. आईशप्पथ केला हुता.”

आणि कांचनने कातळाकडे बघितलं. नवनाथ पुन्हा पुन्हा दिवा खाली करत होता. खट्. खट्. उजेड खाली जातच नव्हता. जुन्या वाटीत नवा बल्ब, तो फुटत होता चहूकडे. रेघेच्या वर, पार कातळाच्या माथ्यापर्यंत. हे तिने आज पहिल्यांदा बघितलं नव्हतं.

दोघांनी हात खाली घेतले.

डोळे असायचे त्या जागेतून तोच पांढराधोप उजेड निघाला आणि सरळ काचेवर आला. नवनाथला काही दिसेना. स्टिअरिंग फिरलं. खडी सरकली. कांचनच्या बाजूचं चाक हवेत गेलं, टोमॅटो दरीत गळायला लागले. खाली पडल्याचा आवाज येत नव्हता.

तिने हात लांब केला आणि दिवे बंद केले.

काळोख. इंजिन बंद पडलं. मग किटल्यांचा आवाज तिच्या खिडकीपाशी आला. सावकाश. गार बोटं तिच्या पापण्यांवर टेकली. थोडा वेळ राहिली. उचलली गेली. आवाज पुढे गेला, विरला.

दोघं नवनाथच्या दारातून सरपटत बाहेर आले. जुने बल्ब सीटखाली रुमालात गुंडाळलेले होते, हे कांचनला माहीत होतं. नवनाथने चाचपडत, रडत, एकेक बल्ब बदलला. मग गाडी कशीबशी मागे घेतली. दिवा लावला. खाली केला. पिवळा उजेड गुमान रेघेखाली उतरला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“आता?” नवनाथने विचारलं.

“घरी,” ती म्हणाली.

चांगुणाबाई अंगणातच होती. शेजारीही जागे झाले, ओट्यावर आले.

“हिला माघारी का आणली?” सासू म्हणाली. “आन् हे जुनं दिवं कशाला?”

नवनाथ पायरीवर बसला. डोळ्यांवर तळवा धरला त्याने, आणि ते बघून कांचनला राहवेना. त्या घरात तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता. तो त्या रात्री ऐकला.

“आत्या, गवळी आता एकटा नाही. त्याच्या शेजारी भाऊजी उभे आहेत, लग्नातला शर्ट घालून. ते गेले त्या रात्री आपल्या गाडीचा उजेड रेघेच्या वर होता, तो त्यांच्या डोळ्यांत गेला. यांनी दिवा खाली केला होता, यांना कळलं नाही. मला कळलं होतं. वरातीच्याच रात्री खिंडीतून येताना मी तो बघितला आणि नवी नवरी म्हणून गप्प बसले. माझा दोष तेवढा, पायांचा नाही. आता गप्प बसत नाही. कुणाच्या गाडीचा उजेड रेघेवर जातो, ते गाडीतल्याला कळत नाही. अंधार पडल्यावर त्या वाटेनं कुणी जायचं नाही, ना या घरातलं, ना या गावातलं. मला माहेरी सोडायचंच असेल, तर उजाडल्यावर सोडा.”