अळूमागची माती

‘हीटरच्या जुन्या टाकीतील तेलाची परवानाधारकामार्फत सुरक्षित विल्हेवाट लावण्यात आली आहे.’ घरविक्रीच्या कागदातील या निर्दोष वाक्याचे विच्छेदन ऑस्ट्रेलियात, सिडनीजवळच्या पॅरामॅटातील एका वकिलाच्या प्रतीक्षालयात, माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर, एका पत्नीने केले.

“मी सही करणार नाही, एलायस.”

“अगं मेरिल, टाकी रिकामी आहे ना? मग झालं!”

“रिकामी केली कुणी?”

“डिसेंबरमध्ये माणूस आला होता. तू शिफ्टला होतीस.”

“मग डिसेंबरपासून तू आपल्या परसातल्या अळूच्या वड्या का खात नाहीस?”

“ॲसिडिटी, डार्लिंग.”

“माझ्या मैत्रिणीकडे, सावनीकडे, ताटभर चापल्यास, तेव्हा कुठे गेली होती ॲसिडिटी?”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत! घर घेणाऱ्यांचं बाळ त्या मातीत रांगणार आहे. आणि मी सगळा उन्हाळा ती पानं खाल्ली. तू समोर बसून बघत होतास.”

एलायसने कागद मांडीवर उलटा ठेवला. नंतरचे त्याचे शब्द जसेच्या तसे देतो:

“कुणी आलं नव्हतं. मीच बादलीने अळूमागच्या मातीत ओतलं. तुला सांगितलं असतं, तर तू घर विकू दिलं नसतंस.”