अप्पाचा दांडा

अफजलपूर. सोलापूरच्या मोटारीची वाट बघत बसलेला भाऊ, धापा टाकत आलेली बहीण, आणि मागच्या बाकावर मी.

"अण्णा, ट्रॅक्टरचा दांडा कुठाय?"

"पिशवीत. कामून गं, दानम्मा?"

"सोलापूरला कामून न्यायलास?"

"नवा करून आणतो. इंजिन खोललं, चरकाला जोडायचा पट्टा नवा घातला, मग रेसचा दांडाच गंजका कामून ठेवायचा? त्याला तार गुंडाळलेली. नाक्यावर सामान तपासणारे करोडगिरीवालेबी हसतील."

"हसू देत. डोळे गेल्यावर अप्पानंच गुंडाळलीय ती तार. सगळ्या दांड्यांत तेवढाच हाताला कळतोय त्याला."

"नव्याचीबी सवय होईल की."

"उद्यापासून गुऱ्हाळ हाय. चरकात ऊस जास्त गेला की नुसत्या आवाजावरून रेस वाढवतोय अप्पा. मागं एकदा त्याच्या जागी तू उभारलास, तर पट्टाच उतरला!"

"एकदाच उतरला."

"डोळे असून!"

"बरं बाई. मग रंगबी नको का?"

"लाव की. तांबडा लाव, चाकं घासून काढ. त्याच्या हाताखालचं तेवढं बदलू नको."

"सोलापूर! सोलापूर! चढा लवकर!"

"घे पिशवी. जाऊन लगेच बसव, मी रंग घेऊन येतो. आन् अप्पाला सांगू नको, मी दांडा न्यायलो होतो म्हणून."

"त्यानंच धाडलंय मला."

"चिडलाय?"

"न्हाई. 'पोरानं हौसेनं नेलाय, त्याला बोलू नको,' म्हणाला."